तीस हजार एकतीस

डहाणूच्या बाजारात माझ्याइतकी तोंडाळ चिकूवाली दुसरी नाही असं म्हणतात. म्हणू देत. गंजाडच्या बागांतला माल मी वीस वर्षं उचलते आहे, आणि करंडी समोर आली की आधी ती उलटी करते. वर मोठाले, गुळगुळीत चिकू रचायचे आणि तळाशी सुपारीएवढे दडपायचे, ही कारागिरी मला पाठ आहे.

सातवीत गणिताच्या गुरुजींनी फळ्यावर दोन, तीन, पाच, सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार केला. तीस हजार तीस. त्यात एक मिळवला आणि म्हणाले, "आता या सहांतल्या कुणानेही भागा, बाकी एकच. म्हणजे हिला कुणाचाच भाग जात नाही. मूळ संख्या!"

मी विचारलं, "गुरुजी, सतराने गेला तर?"

"तू आईच्या पाटीतले चिकू मोज," ते म्हणाले. वर्ग हसला. मला बाहेर उभं केलं. भागून मात्र कुणी दाखवलं नाही.

गेल्या वर्षी शाळा रंगवली. निवृत्त गुरुजींच्या आग्रहाने भिंतीवर ऑइल पेंटने लिहिलं गेलं: ३००३१, मूळ संख्या. माजी विद्यार्थिनी म्हणून मला समारंभाला बोलावलं होतं. ती अक्षरं बघून माझं डोकं फिरलं. गुरुजींनी करंडीचा वरचा थरच तेवढा दाखवला होता. तेराच्या पुढे, तळाशी काय आहे?

दुसऱ्या दिवशी तलासरीला टेम्पोची वाट बघत कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार मांडले. दोन संख्यांच्या गुणाकाराने ती झाली असेल, तर त्यातली एक पावणेदोनशेच्या आतच हवी. दोन्ही मोठ्या असल्या तर गुणाकार पुढे निघून जाईल. सतराने नऊ उरले. तेवीसने सोळा, एकोणतीसनेही सोळा. मला वाटलं, माझंच चुकलं. सत्तेचाळीसला दोन कमी पडले. वापीचा व्यापारी खोळंबून म्हणाला, "बेन, भाव बोलो ने!"

"शेठ, आज भाव नाही. भागाकार."

एकोणसाठने बाकी शून्य आली. एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ. मी तीनदा पडताळलं आणि तडक गुरुजींचं घर गाठलं.

त्यांनी चष्मा लावून गुणाकार केला. मग म्हणाले, "बरोबर आहे गं. पण आता रंगवून झालंय. पुढच्या रंगाला बघू. मुलांना काय कळतंय?"

"मला कळलं होतं."

"मुख्याध्यापिकेला सांगतो, पुसून टाकतील."

"पुसायचं नाही. आकडा राहू द्या. 'मूळ' खोडून खाली एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ लिहा. तुमच्या हाताने, सातवीच्या मुलांसमोर."

"किती ताणशील?"

"यात कमी होणार नाही, गुरुजी."

शनिवारी सकाळी ते आले. ब्रश कुणाला दिला नाही. लिहून झाल्यावर मुलांकडे वळून म्हणाले, "जुनी चूक होती."

मी मागून विचारलं, "कुणाची?"

मुलांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मुख्याध्यापिकेने डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. मी राहिले नाही. "कुणाची, तेही सांगा."

गुरुजी ब्रश पुसत राहिले. मग म्हणाले, "माझी. हिने तेव्हाच विचारलं होतं."

मी आभार मानले नाहीत. त्यांनीही अपेक्षा केली नसावी.