श्रावणासाठी राखलेल्या गोण्या

दादा गेल्याचं मला खाडीवरल्या तरीच्या होडीवाल्यामुळे कळलं. आगरदांड्याच्या शाळेत मी मुलांना पाढे म्हणायला लावून खिडकीशी उभी होते. तो ओल्या पायांनी वर आला आणि म्हणाला, "मास्तरीणबाय, होडी थांबवून ठेवलीय. चला." भाऊ कसा आहे, हे मी विचारलं नाही. पलीकडच्या आमच्या दिघीहून रिकामी होडी कुणी उगाच पाठवत नाही... त्याला आता महिना उलटून गेला. वहिनी फार लवकर गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच होतो. लोक अजून भेटायला येतात आणि सगळे एकच सांगतात, कंट्रोलच्या दुकानावर दादासारखा न्यायी माणूस पुन्हा बसायचा नाही. मी मान हलवते. ते खरं आहे, पण अर्धंच.

दादाकडे रेशनचं हे दुकान आलं ते स्वातंत्र्यानंतरच्या टंचाईत; ते आमच्याच घराच्या पुढच्या पडवीत थाटलं होतं. आधीच्या दुकानदाराकडे माल आला की ज्याच्या कोपरात जोर त्याच्या पिशवीत तांदूळ, अशी तऱ्हा होती. पोटुशा बायकासुद्धा ढकलल्या जायच्या. दादानं प्रत्येक वाडीला वेगळा वार नेमून दिला. कोळणींना सकाळी मासळी विकायची असते, त्या रांगेत किती वेळ उभ्या राहणार? त्यानं सांगून टाकलं, पाटीत दगड ठेवा आणि जा, तुमची पाटी म्हणजे तुम्ही. मग दुकानापुढे माणसांच्या मधे मधे पाट्याही रांगेत बसलेल्या दिसायच्या, आणि दुसऱ्याची पाटी सरकवणाऱ्याला दादा सरळ शेवटी पाठवायचा. गावच्या पाटलालाही त्यानं एकदा तसं पाठवलं. मी म्हटलं, "अरे, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" तर म्हणाला, "शांते, रांगेत सोयरेधायरे घुसले की ती रांग राहत नाही." स्वभावच तसा, नाकासमोर चालणारा. अशा माणसाशी भांडायचीसुद्धा सोय नसते.

आमच्याकडे खरी अडचण पावसाळ्याची. माल मुंबईहून गलबतानं यायचा, आणि पाऊस धरला की दर्या बंद, तो थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. रस्ता म्हणावा असा नव्हताच. म्हणजे ज्येष्ठाच्या आधी कोठीत जे पडलं, त्यावर गावानं पावसाळा काढायचा. पूर्वी आषाढातच कोठी रिकामी व्हायची आणि श्रावणात लोक रानातले कंद उकडून खायचे. दादानं मागच्या भिंतीला काही गोण्या रचल्या आणि त्यांच्यापुढे एक दोरी बांधली. त्या श्रावणाच्या. दोरीपलीकडे कुणी हात घालायचा नाही, अगदी त्यानंही नाही. आमच्या घरालाही इतरांएवढंच माप होतं.

एका वर्षी शेवटचं गलबत निम्मंच भरून आलं, त्यातही तांदळापेक्षा परदेशी लाल ज्वारी, मिलो, जास्त. मी तेव्हा अजून नोकरीला लागले नव्हते. आषाढात एका दुपारी कोळीवाड्यातली यमुना आली. तिचा नवरा मुंबईला गोदीत, घरात ती, सासू आणि कडेवरचं दोन वर्षांचं पोर. वाऱ्यानं तिचं छप्पर उडालं होतं आणि मडक्यातला तांदूळ भिजून आंबला होता.

"पुढल्या वाराचं आज द्या, दादा. पोराला पेज पायजे. त्याचं पोट थांबत न्हाय."

दादानं मागच्या दोरीकडे पाहिलं, मग म्हणाला, "तुला दिलं तर उद्या सगळा कोळीवाडा येईल, यमुने. छपरं सगळ्यांचीच गळतायत. वाराला ये."

"वाराला... बरं," ती म्हणाली आणि वळून चालू लागली. मी मागच्या दारानं धावत गेले आणि घरात होती ती कणी तिच्या पदरात घातली. ती कितीशी पुरणार! दादाला मी त्या दिवशी नाही नाही ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. वार यायच्या आत पोर गेलं. हगवणीनं गेलं, असं सगळे म्हणाले. वेळेवर पेज मिळाली असती तर जगलं असतं का, हे डॉक्टरलाही सांगता आलं नसतं, आणि आमच्याकडे डॉक्टर होता कुठे?

त्या वर्षी नारळी पौर्णिमा उलटली तरी दर्या खवळलेलाच होता. गलबत येईना. दादानं दोरी सोडली. आसपासच्या गावांत उपास पडत असताना आमच्या गावात एकही चूल विझली नाही, आणि लोक आज गुण गातात ते त्याचेच. यमुनाही रांगेत होती. पाटी ठेवून नव्हे, स्वतः उभी. तिची पाळी आली तेव्हा दादानं शीग लावून माप भरलं, तिच्या पिशवीत ओतलं आणि वर आणखी ओंजळ टाकायला निघाला. तिनं पिशवी मागे घेतली.

"आमच्यात एक मानूस कमी झालाय, दादा. कार्डावर तिघं हायेत. तेवढं काढून घ्या."

दादाच्यानं ते काढवेना. शेवटी तिनंच पिशवीत हात घातला आणि पोराच्या वाट्याचे तांदूळ गोणीत परत टाकले.

पुढच्या पावसाळ्यात त्यानं दोरी पुन्हा बांधली. मला वाटलं होतं, आता बांधणार नाही. तसं मी बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "मग काय करू, शांते? तूच सांग." पण त्या वर्षापासून मी भाताला तांदूळ घेतले की तो स्वयंपाकघरात यायचा, आपल्या वाट्यातली एक मूठ काढायचा आणि मागच्या दाराजवळच्या डब्यात टाकायचा. पावसाळाभर त्या दाराला कडी नसे. अडलेल्या बायका यायच्या, डब्यातलं घेऊन जायच्या. तो त्या बाजूला फिरकायचासुद्धा नाही. यमुना मात्र कधी आली नाही.

परवा आली. केस पांढरे झालेत तिचे. मागच्या पायरीवर बसली, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "बाय, दादा कदी माज्या पोराचं नाव घ्यायचे का?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिच्यापुढे जमलं नाही. "नाही गं," मी म्हटलं. कार्डावर घरच्या कर्त्याचं नाव असायचं, खाली नुसता माणसांचा आकडा. दादाला त्या पोराचं नाव ठाऊकच नव्हतं... आणि इतक्या वर्षांत मलाही नाही. "काय नाव होतं गं त्याचं?"

तिनं कप खाली ठेवला. "हिराजी," म्हणाली. "तुमच्यातल्या कोनी कदी इचारलं न्हाय."

आज सकाळी भाताला तांदूळ घेतले, त्यातली एक मूठ काढली आणि डब्याचं झाकण उघडून 'हिराजी' असं मोठ्यानं म्हटलं. ज्यानं ते ऐकायला हवं होतं, तो घरात नव्हता.