सासूबाईंच्या बंदिशी आणि माझं बटण

गाण्यातलं मला काही कळत नाही. हे मी शनिवार पेठेतल्या एका भरल्या सभागृहात, सासूबाईंच्या देखत, छापील पुराव्यासह सिद्ध केलं.

सासूबाई गाण्याचा क्लास घेत. जन्मभर रचलेल्या बंदिशींचं, स्वरलिपीसकट, पुस्तक गुरुपौर्णिमेला निघावं एवढीच त्यांची इच्छा होती. मी आयटीत नुकताच चिकटलेला, कर्वेनगरला फ्लॅट घेतलेला (म्हणजे स्वतःला सर्वज्ञ समजणारा!) जावई. म्हणालो, "आई, पुस्तक माझ्याकडे लागलं!"

कसलं काय! स्वरलिपीचा एकेक तुकडा चित्रासारखा मजकुरात चिकटवायचा. त्यात सासूबाईंचा फोन, "अहो, त्या कोमल गंधाराखालची रेघ राहिलीय." ती रेघ द्यावी, तर पुढचं सगळं पुस्तक खाली घसरायचं! मला बसवेना, उठवेना. शेवटी मी प्रोग्रामच लिहिला. बटण दाबलं की स्वरलिपी आखली जायची, मजकुरात बसायची, अनुक्रमणिकासुद्धा तयार! मग मी उगाचच दिवसभर बटण दाबत सुटलो.

तेवढ्यावर थांबेन तो मी कसला! छपाईच्या आदल्या दिवशी मला दिसलं, की प्रत्येक बंदिशीत पहिली ओळ सारखी सारखी येतेय.

"आईंनी तीच ओळ कितीदा लिहिलीय बघ!" मी बायकोला म्हणालो.

"आईला विचार आधी."

"त्यात काय विचारायचं? आमच्या ऑफिसात याला डुप्लिकेट म्हणतात!"

एकदा आलेली ओळ पुन्हा दिसली की उडवायची, असं मी प्रोग्रामला सांगून टाकलं. पुस्तक चांगलंच सडपातळ झालं.

प्रकाशनाच्या दिवशी सासूबाईंनी शिष्यांना बजावलं, "आज पुस्तकात बघून गायचं. लिहिलंय तेच!" मुली पहिली ओळ गायल्या. मग तान. तानेनंतर पुन्हा पहिल्या ओळीवर यायचं असतं (हे मला तिथे कळलं!), पण पुस्तकात ओळच नाही. म्हणून दुसरी तान. मग तिसरी! तबलजी बिचारा वाट बघत ठेका देतोय, सासूबाईंचा हात समेसाठी वर गेलेला तो तसाच, श्रोते मान डोलवायला टपलेले! शेवटी पान संपलं आणि मुली एकदम गप्प झाल्या. तबला एकटाच चालू राहिला.

"छापलंय कुणी हे?" मागून एक आजोबा कडाडले.

तेही पुस्तकात होतं. माझं नाव एकदाच आलेलं असल्यामुळे ते उडालं नव्हतं!

सासूबाईंनी उठून माइक घेतला, पहिली ओळ स्वतः उचलली आणि सगळ्यांना समेवर आणून सोडलं. टाळ्या पडल्या, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी जेवताना मी म्हणालो, "आई, चुकलो. सगळं पुस्तक परत छापून देतो." त्यांनी नुसती होकारार्थी मान हलवली. मला धीर आला. पुरणपोळीही फक्कड झाली होती. मी ताट पुढे केलं.

"आई, अजून एक!"

"एक वाढली होती ना मघाशी?"

"हो."

"मग ही डुप्लिकेट," म्हणत त्यांनी डबा बंद केला. (बायकोने वाटेतच सगळं सांगितलं होतं!)

मी मुकाट्याने हात धुवायला उठलो. तक्रार तरी कशाची करणार? माझा नियम पहिल्यांदाच अगदी बिनचूक चालला होता!