मामांसाठी केलेला माइक

आमचं घरचं काम साउंड सर्व्हिसचं. नवेगाव बांधच्या आसपास लग्न असो की दंडारीचं लोकनाट्य, भोंगे आमचेच. त्यामुळे आवाजातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता, आणि तो दूर करण्याची तसदी बरीच वर्षं कुणी घेतली नाही.

दवनीवाड्याचे माझे मामा दंडारीत गात. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, गाण्याचं सांगता येत नाही. म्हणून ते ऑपरेशनला जाण्याआधी त्यांचं गाणं रेकॉर्ड करायचं मी ठरवलं. शहाण्या माणसाने त्याच दिवशी फोन समोर धरला असता. मला रिबन माइक हवा होता. त्यात दोन चुंबकांच्या मधोमध ॲल्युमिनियमची केसाहून पातळ पट्टी लटकते, आणि खड्या आवाजाची धार तिच्यातून बोचत नाही, असं मी व्हिडिओंत पाहिलं होतं. विकत घेण्यापेक्षा आपणच करू म्हटलं, कारण हुशारी अंगात मावत नव्हती.

जुन्या कपॅसिटरमधली ॲल्युमिनियमची पन्नी काढायची आणि प्रिंटरच्या दोन दातेरी चाकांतून फिरवून तिला चुण्या पाडायच्या. नुसता श्वास लागला तरी ती फाटायची. भर मे महिन्यात मी पंखा बंद करून कोंडून घ्यायचो. बायको दाराबाहेरून विचारायची, "जित्ते आहा ना?" पंधरा दिवसांत एक पट्टी टिकली. तोवर मामांचा नागपूरला जायचा दिवस उजाडला.

सकाळी ते आमच्याकडे आले. मी बजावलं, "मामा, याच्यावर फुंकू नका, ठोकू नका. लगेच फाटते."

मामा चिडले. "चाळीस वर्सं माइकवर गाऊन राहिलो. तू मले कायले शिकवून राहिला?"

तरी ते हातभर अंतरावर गुमान बसले, नवरदेवासारखे. मी हेडफोन चढवला, वायरी तपासल्या, माइकपाशी वाकलो आणि आजवर प्रत्येक मांडवात जे केलं तेच केलं. फू, फू. हॅलो.

हेडफोनमध्ये टक्क वाजलं आणि मग काहीच नाही. मामा ठसका लागेस्तोवर हसले. नंतर मला चिडवायला की माझी समजूत काढायला कोण जाणे, त्यांनी दंडारीतलं एक गाणं धरलं आणि शेवटपर्यंत म्हटलं. इतकं चांगलं ते कितीतरी वर्षांत गायले नव्हते. मी तेव्हा माइक उघडून आतली फाटकी पट्टी पाहत होतो, फोनचा टॉर्च लावून.

संध्याकाळी ते नागपूरला गेले. जीव वाचला, गाणं गेलं. आता ते घोगरं कुजबुजतात. मला त्या सकाळची फार लाज वाटते, आणि मामा त्यावर एक अक्षर बोलत नाहीत, त्याने जास्तच वाटते.

दिवाळीनंतर दुसरी पट्टी जमली. मामाच म्हणाले, तू म्हण, मी सांगतो, चाल तरी राहील. या माइकला पुढून येतं तेवढंच मागूनही ऐकू येतं, म्हणून एका बाजूला मी बसलो आणि दुसऱ्या बाजूला मामा, श्वास अडवायला मध्ये फडकं ताणून, अगदी माइकला नाक लावून. ते रेकॉर्डिंग मी कुणाला ऐकवत नाही, माझं गाणं ऐकवण्यासारखं नाहीच. पण दर दोन ओळींनी पलीकडून स्वच्छ येतं, "चुकला. पुन्हा म्हण."

मामांच्या गाण्यातलं माझ्याकडे तेवढंच आहे.