शेंगेच्या टरफलाचा रंग

फोन आला तेव्हा मी ट्रकचं बॉनेट उघडून बसलो होतो. बायको सांगलीच्या दवाखान्यात, पोरगा तिच्यापाशी. आता घरी सोडतील असं डॉक्टरनं सांगितलेलं, म्हणून मी कवठे महांकाळला आमच्या वस्तीवर येऊन गाडी तयार करत होतो. इंजिन लंगडत होतं, ठिणगी पाडणारा एक प्लग काढून पुसत होतो. पोरगा म्हणाला, "आबा… आई गेली." मी हातातला प्लग आधी जागेवर बसवला, पान्यानं आवळला आणि मग उठलो. हे कुणीतरी बघितलं. मग गावात बोलणं झालं, की म्हाताऱ्याला बायकोपरास गाडी जवळची. बोलू द्यात. प्लगचं भोक उघडं टाकून उठायचं नाही, आत माती जाते, हा नेम तिचाच. त्या घडीला डोक्याला काही सुचलं नाही, हाताला तेवढं तिचं सांगणं आठवलं.

सगुणा तिचं नाव. माहेर मेढ्याच्या वर डोंगरात, भाताच्या मुलखातलं. आली आमच्या कुसळाच्या रानात. गाडी मिलिटरीच्या लिलावातली, पेट्रोलवर चालणारी. बाकीच्यांनी त्यात डिझेलचं इंजिन बसवून घेतलं, मी हट्टानं बसवलं नाही. माझ्या तोंडाला क्लीनर टिकायचा नाही, म्हणून एका हंगामाला तीच पदर खोचून शेजारी बसली ती कायमची. सांगलीला हळद घेऊन गेलो की बाजारातले ड्रायव्हर हसायचे. "काय गड्या, क्लीनर झकास गावला की!" मी शिवी हासडायच्या आत ही बोलायची, "व्हय भावजी, ड्रायव्हरच तेवढा खराब गावलाय." मग कोण हसतंय?

प्लग बघायला मी शिकवलं म्हणावं तर खोटं होईल. मी नुसता काढून तिच्या हातात द्यायचो, पुसायला. ती चुलीपुढची बाई, तिनं त्याचं टोक तव्यावरल्या भाकरीसारखं बघायला सुरुवात केली. काळं, काजळी धरलेलं असलं तर म्हणायची, "कच्चं राहतंय." पांढरं पडलं असलं तर, "करपतंय, आवं." आणि भाजलेल्या शेंगेच्या टरफलासारखा तांबूस रंग दिसला की काही बोलायची नाही, माघारी द्यायची. मी बॉनेटात वाकलेला असायचो. मान वर न करता डावा हात बाहेर काढायचा, हातातला प्लग ती घ्यायची, बघायची, परत तळव्यावर ठेवायची. आमचा संसार लय करून असाच झाला. तोंडानं गोड बोलायची सवय मला नव्हती, तिलाही नव्हती.

खंडेनवमीला जुने प्लग काढून नवे घालायचे. नव्यांच्या टोकातली फट ती हॅक्सॉच्या मोडक्या पात्यानं बघायची. पातं अडखळत गेलं की बरोबर. काढलेले जुने ती हळदीकुंकू लावून देवळीत मांडायची. मी म्हणायचो, "भंगार पुजतीस व्हय गं?" तर म्हणायची, "जळत हुतं तवर तुमास्नी घरी आणलं न्हवं त्येनी?"

दवाखान्यात जायच्या आधी एक बोलली होती. "बरी झाले की ह्याच गाडीनं मेढ्याला न्या. माझं जातं दादाच्या दारात ठिवून येऊ. आता दळतंय कोण?" जातं तिच्या आईचं. लग्नात तिच्याबरोबर आलेलं, ह्याच गाडीतनं. ती बरी झाली नाही. लोक समजूत घालायला आले, म्हणाले, सुटली बिचारी. सुटली कसली! तिला कुठं सुटायचं होतं? तिला माहेरी जायचं होतं.

तेरावं झालं आणि मी जात्याचं काढलं. पोरगा म्हणाला, "आबा, पिकअप सांगतो. एवढ्या लांब ही गाडी चढायची न्हाई." मी म्हणालो, "तुझ्या आयनं पिकअप म्हणलं न्हवतं." पुसून भागणार नव्हतं, प्लग संपलेच होते. एक खिशात टाकला आणि सांगलीला गाडीच्या सुट्या भागांच्या जुन्या दुकानात गेलो. तिथले अण्णा माझ्याच वयाचे. नमुना बघून त्यांनी चष्मा वर केला. "बापू, ह्यो आता येत न्हाई." मग आतनं धुळीतली दोन खोकी काढली. दोन्हींतल्या प्लगांचे आटे आणि लांबी जुन्यासारखीच. फरक एवढाच, की एक थंड जातीचा, उष्णता लवकर सोडणारा. दुसरा गरम, टोकाशी ऊब धरून ठेवणारा. अण्णा म्हणाले, "चढण हाय तर थंड घ्या. गरम घातला आन् इंजिन तापलं, तर चढावर आतनं खटखट ठोकायला लागंल." म्हणणं खोटं नव्हतं.

मी दोन्ही तळव्यावर घेऊन उभा राहिलो. चुकलो तर गाडी डोंगरात उभी राहणार, जातं पिकअपमध्ये जाणार आणि तिचं शेवटचं मागणं तेवढं राहून जाणार. डावीकडं बघितलं… तिथं गिऱ्हाइकाची सायकल लावलेली. मग तिचंच एक बोलणं आठवलं. अलीकडं इंजिन तेल प्यायला लागलं होतं, प्लग ओले काळे निघायचे. तवा ती म्हणाली होती, "म्हातारं झालंय त्ये. म्हाताऱ्याला ऊब लागती, आवं." दवाखान्यात तिनं स्वतःसाठीही तेच मागितलं होतं. भर उन्हाळ्यात म्हणाली, अजून एक चादर घाला. मी अण्णांना म्हणालो, "गरम द्या."

निघालो. पोरगा मागनं मोटारसायकलवर, गाडी कुठं बंद पडते ते बघायला. साताऱ्यापर्यंत चांगली आली. पुढं चढणीला मी दाबली नाही. खालच्या गेरमध्ये, बैलगाडीसारखी, कान इंजिनाला लावून. ठोकेल, आता ठोकेल… ठोकली नाही. मेव्हण्याच्या दारात उभी केली तेव्हा तो काठी टेकत बाहेर आला. जात्यावर हात फिरवत म्हणाला, "आयचं हाय…" आणि खाली बसला. त्यानं आणि पोरानं जातं ओसरीला ठेवलं.

मला रडू आलं नाही. मी बॉनेट उघडलं. इंजिन निवू दिलं, एक प्लग सोडवला. टोक बघितलं, तर भाजलेल्या शेंगेच्या टरफलासारखं, सगळीकडं सारखं. आणि माझा डावा हात आपोआप बाहेर गेला. मान वर न करता. तळव्यावर प्लग.

किती वेळ तसा वाकून होतो कुणास ठाऊक. मेव्हणा म्हणाला, "दाजी, काय पायजे?" मी म्हणालो, काही नाही.

हात मागं घेतला. भोक उघडं होतं. प्लग परत बसवला, आवळला, मग उभा राहिलो.