आत्याबाईंची साखर

आजही गल्लीत कुणाच्या रक्ताचा रिपोर्ट आला की डॉक्टरांच्या आधी तो माझ्याकडे येतो. मी चष्मा लावते, घसा साफ करते आणि मुद्दाम थोडा वेळ गप्प बसते. समोरच्याचा जीव टांगणीला लागलेला बघायला मजा येते; या वयात दुसरी करमणूक काय उरली? पण ही विद्या कशी आली ते आठवलं की माझं मलाच हसू येतं.

पाटोद्याकडच्या आमच्या गावात तेव्हा बायकांची दूध संस्था निघाली होती आणि दूध तपासायला मी होते. सातवी शिकलेली. त्यामुळे गावात सगळ्यांत हुशार बाई मीच, असं माझं ठाम मत. दुष्काळ होता. पाणी टँकरचं, जनावरं छावणीत, म्हशी आटत चाललेल्या. संस्थेत सगळ्यांची एकच चौकशी, फॅट किती लागली? जिची जास्त, ती ताठ चालायची. आकडा मोठा तेवढा चांगला, हे गणित माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्याच वर्षी सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, दिसेनासं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भाकरी चाचपडत उलटायच्या, बोटं भाजून घ्यायच्या, पण चूल काही सोडायच्या नाहीत. अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी रक्त तपासू. साखर ठीक असली तर ऑपरेशन. उद्या सकाळी यांना उपाशीपोटी आणा."

आम्ही तिथेच नणंदेकडे मुक्काम केला आणि माझी हुशारी जागी झाली.

"आत्याबाई, ह्यो डाव हाय. उपाशी म्हशीला कधी फॅट लागती का? आकडा पडला की म्हणतील, म्हातारीत दम न्हाई, न्या परत."

"मंग काय करावं गं?"

"धारेच्या आधी म्हशीला सरकी पेंड घालतो का न्हाई?"

"मला पेंड चारतीस व्हय?"

"शिरा करते."

"मंग गूळ सढळ घाल."

पहाटे शिरा झाला. आत्याबाईंनी वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि रक्त देऊन आल्या. दुपारी रिपोर्ट हातात पडला. साखरेपुढचा आकडा बघून माझी छाती फुगली. बाकड्यावरच्या बायकांना मी आपणहून सांगितलं, "आमच्या सासूबाईंची लई चांगली लागली." एकीनं तर विचारलं, "काय खाऊ घालतीस?" मी कृती सांगितली.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला. "सकाळी काय खाल्लं होतं?"

"शिरा," आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या. "सुनंनं पहाटं उठून केला."

"एवढ्या साखरेवर ऑपरेशन केलं तर जखम भरायची नाही, आजी. आहे ती नजरही जाईल."

आत्याबाईंचा हात माझं मनगट शोधत आला आणि घट्ट बसला. डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. "ताई, आकडा एकटा वाचायचा नसतो. शेजारी काय छापलंय बघा. इतक्यापासून इतक्यापर्यंत. त्याच्या आत पाहिजे. वर नको, खालीही नको."

आता बघा, मी रोज दुधात डिग्री, म्हणजे दूध मापायची काचेची नळी, बुडवत होते. कमी आली तर पाणी घातलेलं, जास्त आली तर साय काढलेली, मधे आली तरच दूध चोख. हे मी गावाला शिकवायची. आणि घरच्या म्हातारीला मात्र फॅट लावून बसले होते.

मी कागद ओढून घेतला आणि एकेका ओळीवरून बोट फिरवलं. "बाई, ही हिमोग्लोबिनची ओळ खाली गेलीय. हिच्यावर का बरं बोलला न्हाई तुमी?"

त्या हसल्या. "तिच्यावरच येत होते. पण बरोबर धरलीत."

दुसऱ्या दिवशी खरोखर उपाशी नेलं. आकडा बराच उतरला, तरी हद्दीच्या वरच राहिला. गोळ्या मिळाल्या, पथ्य मिळालं. रक्त वाढायला हिरवी भाजी सांगितली; दुष्काळात ती कुठली? पण बांधावरचा शेवगा तग धरून होता. त्याचाच पाला खुडून भाजी करत राहिले. आत्याबाईंना गुळाचा डबा वासावरून सापडायचा, म्हणून तो शेजारणीकडे नेऊन ठेवला.

"आंधळीचा गूळ चोरतीस," त्या म्हणायच्या. "कीडं पडतील."

"डोळं आल्यावर मोजा कीडं."

पुढच्या खेपेला रिपोर्ट मी दारातच वाचला. साखर आत. हिमोग्लोबिनही काठाला लागलेलं. डॉक्टरीणबाईंनी तारीख देण्याआधीच मी आत्याबाईंना आता ऑपरेशन होणार म्हणून सांगून टाकलं, आणि ते अगदी खरं निघालं.

पट्टी सोडली तेव्हा मी खाटेशी उभी होते. आत्याबाईंनी आधी आपले भाजके हात उलटसुलट करून बघितले, मग मला.

"लई वाळलीस गं."

मग शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे वळून म्हणाल्या, "ही माझी सून. डॉक्टरणीला ओळ दाखवती. दे गं, मला बघू दे तो कागद."

त्यांना अक्षर येत नव्हतं. तरी कागद नाकाशी धरून त्या माझ्या बोटाबरोबर एकेक ओळ बघत गेल्या, शेवटपर्यंत.