अंजनाखालचा गोळा

निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांतच ह्यांची नजर अधू झाली. कडेचं दिसायचं, पण जिथं बघायचं नेमकं तिथंच धुकं. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ह्यांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि खरा जीव बुरशीत. परदेशात जमिनीखाली ट्रफल नावाची खाण्याजोगी, फार महाग बुरशी वाढते. तशी आपल्या रानात, आपल्याच झाडांच्या मुळांशी वाढणारी एखादी असणारच, असं ते मला लग्न झाल्यापासून सांगत आलेले.

त्या भाद्रपदात त्यांचा एक जुना विद्यार्थी आम्हाला हर्सूलच्या घरून गाडीनं कन्नडच्या पुढच्या जंगलात घेऊन गेला. हे एका अंजनाच्या झाडाखाली बसले आणि हातानंच पाला बाजूला करू लागले. बोटांना काही लागलं, तशी भोवतालची माती उकरू लागले. ओल्या मातीतून लिंबाएवढा खरबरीत गोळा निघाला. चिरला, तर आत काळपट जांभळा गर आणि त्यात पांढऱ्या रेषा. रंग मी सांगितले. परतीच्या वाटेवर तो गोळा त्यांनी रुमालात धरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला. हे बराच वेळ डोळा लावून बसले, मान तिरकी करून पाहिली, दुसरा डोळा लावला. मग खुर्ची मागं सरकवली.

"तू बघ," म्हणाले.

मी शाळेत मराठी शिकवलेलं. काय बघायचं तेही त्यांनीच समजावलं. खऱ्या ट्रफलचे बीजाणू बारीक पिशवीत असतात. मोकळे दिसले तर जात वेगळी, बहुतेक विषारी. मी चाक फिरवत राहिले. हळूहळू तपकिरी गोल दाणे स्पष्ट झाले. धोतऱ्याच्या फळासारखे, अंगभर काटे.

"पिशवीत आहेत का मोकळे?"

"मोकळे दिसतात."

त्यांनी दुसरा काप करायला लावला, मग तिसरा. नीट बघ, पिशवी फार पातळ असते, म्हणाले. मी बघितलं. पिशवी आहे असं म्हणावं, असं मनात आलं. त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि ते जास्तच वाटू लागलं. पण ह्या माणसानं आयुष्यभर जे दिसलं तेवढंच सांगितलेलं.

"अहो, मोकळेच आहेत."

ते रागावले नाहीत. तुला सवय नाही, एवढंच म्हणाले. मग वाळवलेले तुकडे पुण्याच्या एका ओळखीच्या तज्ज्ञांकडे पाठवले. दिवाळी होऊन गेल्यावर त्यांचा फोन आला. मी शेजारीच बसले होते. तो ट्रफल नव्हता. जमिनीत वाढणारी साधी विषारी जात होती. नीलगिरीच्या रोपांबरोबर अशा बुरश्या बाहेरून येतात, तेव्हा ही इथलीच असेल याचीही खात्री नाही, असं ते म्हणाले. ह्यांनी त्यांचे आभार मानले, घरच्यांची चौकशी केली, आणि फोन ठेवला.

"तुझं बरोबर होतं," मला म्हणाले.

इतकी वर्षं त्यांनी माझं कौतुक असं क्वचितच केलं असेल. ते मला नको होतं.

पुढच्या आठवड्यात त्या विद्यार्थ्याला बोलावून त्यांनी सूक्ष्मदर्शक देऊन टाकला. मी राहू द्या म्हणाले. तोवर त्यांनी तो त्याच्या हातात ठेवला होता.

आता दिवसभर रेडिओ चालू असतो. ते ऐकतात की नाही, कळत नाही. हिवाळ्यात एका दुपारी मी भाजी निवडत बसले होते. त्यांनी रेडिओ बंद केला.

"ते दाणे कसे होते गं? परत सांग."

मी सांगितलं. रंग, गोलाई, काटे, आठवलं तेवढं सगळं. ते खिडकीकडं तोंड करून ऐकत होते. काटे सरळ होते की वाकडे, त्यांनी विचारलं. मला ते आठवेना. आठवत नाही, म्हणाले मी. त्यांनी मान हलवली आणि रेडिओचं बटण चाचपू लागले.