वारा डावीकडून

गॅलरीत आला की तो आधी कठड्यावरची धूळ चिमटीत धरायचा, हात खांद्याइतका उंच न्यायचा आणि ती सोडून द्यायचा. धूळ कुठे जाते ते बघून शेजारच्या आमच्या गॅलरीकडे वळायचा. "भाभी, डावीकडून." किंवा, "भाभी, उजवीकडून." कुवेतमध्ये कठड्यावर धूळ नाही असा दिवस उगवत नाही, त्यामुळे त्याचा हा नमस्कार कधी चुकला नाही.

हे तीन शब्द सोडले तर त्याला आपलं काही येत नसे. तो अमेरिकन. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, शहराबाहेरच्या मंगफ वस्तीत आम्ही एकाच मजल्यावर राहत होतो. मी शहरात एका कंपनीच्या हिशेबखात्यात, तो एका ठेकेदाराच्या गोदामावर. तुमच्यापैकी जे आखातात राहिले आहेत त्यांना ठाऊक आहे, गोरा माणूस आपल्या बिल्डिंगमध्ये सहसा राहत नाही. राहिलाच, तर त्याचं काहीतरी गणित चुकलेलं असतं.

त्याचं चुकलं होतं ते वाऱ्याचं. तो तिकडच्या फुटबॉलमधला किकर होता. त्यांचा फुटबॉल वेगळा: लांबट चेंडू, हाताने पळवतात, एकमेकांना आपटतात. किकरचं काम फक्त चेंडू दोन उंच खांबांच्या मधून मारणं. तेवढ्यापुरता त्याला मैदानात बोलावतात, एरवी तो कडेला एकटा उभा.

"मारायच्या आधी आपल्या संघातलंसुद्धा कोणी बोलत नाही," तो सांगायचा. "अपशकुन समजतात."

"आणि मारून झाल्यावर?"

"आत गेला तर मिठ्या मारतात. बाहेर गेला तर तेव्हाही बोलत नाहीत."

एका महत्त्वाच्या सामन्यात त्याचा चेंडू बाहेर गेला. "वारा डावीकडून होता. डावीकडून असला की डावीकडेच मारायचं, वारा चेंडू मधे आणून देतो. मी सरळ मारला." संघाने त्याला काढलं. मग त्या बदनामीवरच त्याला करमणुकीच्या कुस्त्यांत काम मिळालं. निकाल आधी ठरलेले, मार मात्र बराचसा खरा. तिथे तो खलनायक झाला. पुढे गुडघा गेला, कुस्तीवाल्यांनी काढून टाकलं, आणि तो इथे गोदामात आला.

माझी बायको गुहागरची. ती त्याच्याशी सरळ मराठीत बोले. "त्याला इंग्रजी मी कशाला शिकवू? येतंच त्याला," म्हणायची. शुक्रवारी घावणे त्याच्याकडे जात. रिकामी ताटली तो घासून, पुसून परत आणायचा आणि दारातच उभा राहायचा. आत ये म्हटल्याशिवाय कधी आला नाही. आत आल्यावर मात्र लवकर उठायचा नाही.

एकदा तो ताटली न घेताच आला. कुस्त्यांचा एक ताफा कुवेतला येत होता, आणि त्यांचा खलनायक आजारी पडला होता. मॅनेजर याच्या ओळखीचा. एका रात्रीची परीक्षा: लोक मनापासून चिडले तर दोन वर्षांचा करार, नाहीतर पुन्हा गोदाम.

"तुम्ही या," तो म्हणाला. "पण मला ओळख देऊ नका. खलनायकाला आपलं माणूस नसतं. ते दिसलं, की लोक चिडत नाहीत."

मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हा कसला मेला धंदा! आधी तो फुटबॉल, आता हे. बोलायचं नाही असंच काम बरं सापडतं ह्याला!"

आम्ही गेलो. दुसऱ्या दिवशी पेपरात प्रेक्षक पाच हजार लिहिले होते. मी रांगा आणि खुर्च्या गुणल्या होत्या, दोन हजारांच्या वर एक माणूस नव्हता. पण आवाज पाच हजारांचा होता, हे मान्य. तो आला, समोरच्याला पाडलं, आणि मग सावकाश, हवेतूनच चिमूट घेतल्यासारखं करून हात वर नेला, सोडला, वारा बघितला आणि पडलेल्या माणसाला लाथ घातली. सभागृह खवळलं. आमच्या रोजच्या नमस्काराला दोन हजार माणसं शिव्या देत होती.

थोड्या वेळाने त्यालाच रिंगच्या दोरांवरून बाहेर फेकलं गेलं. तो कुटुंबांसाठी राखलेल्या खुर्च्यांसमोर, लोखंडी कठड्यावर आपटला. कपाळातून रक्त आलं. बायको ताडकन उठली.

"अरे, लागलं का रे तुला?"

पुढच्या रांगेतली पोरं मागे वळून बघू लागली. त्यानेही बघितलं. मला वाटलं, संपलं, आता हा हसणार. त्याने तिच्याकडे बोट रोखलं आणि इंग्रजीत ओरडला, "खाली बस, म्हातारे! तुला कोण ओळखतं?"

बाटल्या आल्या, चपला आल्या. मॅनेजर कडेला उभा राहून मान डोलावत होता. बायको खाली बसली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"चांगलं केलंन," ती म्हणाली. "आता मिळेल ना त्याला काम?"

मिळालं. ताफ्यातली माणसं हॉटेलात उतरली होती, तो तिथेच राहिला. त्याचं सामान न्यायला ड्रायव्हर आला. ताफा निघायच्या दिवशी बायकोने बेसनाचे लाडू केले. "ओळख द्यायची नाही, मला कळतं. नुसतं उभं राहू."

हॉटेलच्या खालच्या दालनात चाहत्यांची गर्दी होती. तो लिफ्टमधून आला, कपाळावर पट्टी. पोरांनी हुर्यो केली. तो आमच्या अगदी जवळून गेला. खांबावरून फिरावी तशी त्याची नजर आमच्यावरून फिरली.

दाराशी मात्र तो थांबला. आमच्याकडे पाठ होती. हात खांद्याइतका वर गेला, चिमूट उघडली. आत एसी, पडदासुद्धा हलत नव्हता. पोरांना तो खेळातलाच भाग वाटला, त्यांनी आणखी ओरडून घेतलं.

बायको डबा छातीशी धरून अगदी हळू म्हणाली, "डावीकडून."

तिचा आवाज त्याच्यापर्यंत गेला असेल असं मी म्हणणार नाही. मधे निदान तीस माणसं होती. मला दिसलं तेवढं सांगतो. दाराला काचेच्या दोन झडपा होत्या. उजवी दरवानाने उघडून धरली होती. त्याने डावी ढकलली आणि तो बाहेर गेला.